उभ्या गाडीत बंदूक ठेवायची वेळ आली तर

मागच्या अंकात घरात बंदूक कुठं आणि कशी ठेवावी यावर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी गाडीबद्दलचीच निघाली. ते साहजिकच आहे, घरात तिजोरी असते पण शूटिंग रेंजवरून परत येताना वाटेत काम निघतं, नाहीतर जिथं शस्त्र आत न्यायला बंदी आहे अशा ठिकाणी जावं लागतं, आणि मग बंदूक गाडीतच राहते. उत्तरांआधी माझं मत सरळ सांगून टाकतो. गाडी ही बंदूक ठेवायची जागा नाहीच, ती नाइलाजाची जागा आहे, आणि तीही थोड्या वेळापुरती. रोज रात्री गाडीतच राहणारी बंदूक ही माझ्या दृष्टीनं बेवारस सोडलेली बंदूक. आणि गाडीत शस्त्र ठेवायला तुमच्या इथल्या कायद्यात आणि तुमच्या परवान्यात मुळात परवानगी आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवायच्या आहेत का, हे आधी वाचून घ्या, खालचं सगळं त्यानंतरचं.

गाडीला सेंट्रल लॉक आहे, अलार्म आहे, पिस्तूल डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं आणि कप्प्यालाही किल्ली आहे. एवढं पुरेसं नाही का?

नाही, अजिबात नाही. गाडीची बाजूची काच फोडायला काही सेकंद लागतात, आणि काच फोडून आत हात घातलेला माणूस सगळ्यात आधी कुठं बघतो तर डॅशबोर्डचा कप्पा, दोन सीटच्या मधला कप्पा, दाराचा खिसा आणि सीटखाली. म्हणजे आपण ज्याला लपवणं म्हणतो त्या नेमक्या त्याच्या यादीतल्या जागा आहेत. कप्प्याचं झाकण प्लॅस्टिकचं, त्याची खिट्टी बऱ्याचदा प्लॅस्टिकची, एक मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला की उघडलं. ती किल्ली कागदपत्रांसाठी ठीक आहे, बंदुकीसाठी नाही. आणि अलार्मचं म्हणाल तर कुठल्याही पार्किंगमध्ये अलार्म वाजला की किती लोक मान वळवून बघतात ते तुम्हीच आठवा.

दुसरं म्हणजे काच फोडायचीही गरज बऱ्याचदा पडत नाही, चोर ओळीनं गाड्यांची हँडलं ओढत जातात आणि जी उघडी सापडेल तिच्यात शिरतात. रिमोटचं बटण दाबून पाठ फिरवायची सवय असेल तर ती मोडा, रिमोटचा सिग्नल जवळ उभं राहून जॅम करता येतो, गाडी लॉक झाली असं आपल्याला वाटतं आणि ती झालेलीच नसते. दाराला हात लावून, ओढून बघायचं आणि मगच निघायचं.

यात फक्त आपलं नुकसान असतं तर गोष्ट वेगळी होती. 2015 च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सरकारी रेंजरच्या उभ्या गाडीतून त्याचं सर्व्हिस पिस्तूल चोरीला गेलं, ते बॅगेत होतं, भरलेलं होतं. चार दिवसांत त्याच पिस्तुलातली गोळी काँक्रीटवर आपटून उडाली आणि समुद्रकाठी वडिलांबरोबर फिरायला आलेल्या एका तरुणीला लागली, ती गेली. तो रेंजर प्रशिक्षित माणूस होता हो, शस्त्र हाताळणं हा त्याच्या नोकरीचाच भाग. नंतर कॅलिफोर्नियानं कायदा करून पोलिसांनाही गाडी सोडून जाताना पिस्तूल कुलूपबंद आणि नजरेआड ठेवणं बंधनकारक केलं. गाडीतून गेलेली बंदूक कुठं फिरते आणि कुणाच्या हातात जाते यावर आपला काहीच ताबा राहत नाही.

मग डिकीत ठेवली तर? डिकी तर बाहेरून दिसत नाही.

आतल्या कप्प्यापेक्षा डिकी बरी, पण डिकी म्हणजे तिजोरी नव्हे. ड्रायव्हरच्या सीटजवळ डिकी उघडायचा खटका किंवा बटण असतं ना, काच फोडली की तो खटका हाताशीच आला. काही गाड्यांत तो खटका किल्लीनं बंद करून ठेवायची सोय असते, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, असेल तर वापरा. मागची सीट पुढं पाडता येत असेल तर तिकडूनही डिकीत शिरता येतं, सीट आडवी करायची खिट्टी बहुतेक वर सीटच्या पाठीलाच असते. हॅचबॅक आणि एसयूव्हीत तर खरी डिकीच नाही, वर एक पातळ फळी नाहीतर गुंडाळायचा पडदा, तो उचलला की सगळं समोर.

तेव्हा डिकी ही पेटी ठेवायची जागा समजा, नुसती बंदूक ठेवायची नाही. रायफल किंवा शॉटगन असेल तर डिकीशिवाय पर्याय नसतोच, पण तिच्या लांब केसकडे बघूनच आत काय आहे ते कळतं, त्यामुळे वरून साधी चादर टाका, आणि शक्य असेल तिथं रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, काढून सोबत न्या. बोल्टशिवाय रायफल चोराच्या हातात गेली तरी लगेच चालत नाही. मात्र बोल्ट किंवा असे सुटे भाग अंगावर घेऊन फिरण्यावर तुमच्या इथं काही बंधन असेल तर ते पाळा.

गाडीसाठी छोटी लोखंडी पेटी घ्यायचं चाललंय. काही पेट्यांना केबल येते ती सीटला अडकवायची, काही नटबोल्टनं बसवायच्या. कुठली घेऊ? आणि बोटाच्या ठशावर उघडणारी चांगली की किल्लीची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पत्रा बघा. पेटीच्या जाहिरातीत गेज लिहिलेला असतो आणि तिथं लोक फसतात, गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, 16 म्हणजे दीड मिलिमीटर, 14 म्हणजे 1.9 च्या आसपास आणि 12 गेज म्हणजे 2.7. 18 गेजची पेटी स्वस्त असते, हलकी असते, आणि लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरनं तिचं झाकण वाकवता येतं. 16 च्या खाली, म्हणजे आकड्यानं 16 च्या वर, जाऊ नका, 14 किंवा 12 मिळाली तर उत्तम. पत्र्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे झाकण आणि पेटी यांच्यातली फट. दुकानात पेटी बंद करा आणि फटीत नख घालून बघा, नख आत जात असेल तर तिथं पटाशीही जाईल. बिजागऱ्या बाहेर असतील तर त्यांची पिन ठोकून काढता येते का तेही बघा.

केबलचं सांगायचं तर केबल हा काहीच नसण्यापेक्षा बरा असा उपाय आहे. बोटभर सुद्धा जाड नसलेली ती तार बोल्ट कटरनं एका दाबात तुटते. ज्याच्याकडे कटर नाही, जो काच फोडून पळायच्या घाईत आहे, त्याला ती थांबवते, एवढंच तिचं काम. तुमची गाडी भाड्याची असेल, रोज वेगळी गाडी असेल तर केबलच वापरावी लागणार, मग ती सीटच्या लोखंडी सांगाड्याला अडकवा. डोकं टेकायच्या उशीच्या दांड्यांना अडकवलेली केबल मी पाहिली आहे, ती उशी एक बटण दाबलं की हातात येते, केबलसकट पेटी घेऊन माणूस चालता होतो.

कायमची गाडी असेल तर पेटी नटबोल्टनंच बसवा. सीटचे रूळ ज्या नटबोल्टनं जमिनीला धरलेले असतात तिथंच बसणाऱ्या पट्ट्या मिळतात, नवीन भोक पाडावं लागत नाही, हा सगळ्यात चांगला मार्ग, फक्त ते नटबोल्ट परत ठरलेल्या ताकदीनं आवळले गेले पाहिजेत कारण अपघातात सीट त्यांच्यावरच टिकते, म्हणून हे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या. भोक पाडायचंच असेल तर खाली काय आहे ते गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका, पेट्रोलची नळी असते, ब्रेकची नळी असते, वायरिंग असतं. आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर जमिनीला ड्रिल अजिबात लावायचं नाही, खाली पूर्ण बॅटरी पसरलेली असते. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळ्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही, पेटी त्यांच्यावर घासली जाऊ द्यायची नाही. बसवून झाल्यावर सीट पूर्ण पुढं, पूर्ण मागं, वर, खाली सगळीकडे सरकवून बघा, पेटीला कुठं अडकत नाही ना, केबल रुळात चिरडत नाही ना. पत्र्याखालून मोठे वॉशर लावायला सांगा, नाहीतर पहारीनं ओढलं की नटबोल्टचं डोकं पातळ पत्र्यातून सरळ वर येतं.

आता कुलूप. ठशाचं कुलूप घरात ठीक चालतं, गाडीत मला ते तितकंसं भरवशाचं वाटत नाही. बोट ओलं असलं, तेलकट असलं, थंडीत कातडी सुकली असली की ते ओळखत नाही, आणि गाडीतल्या उन्हाच्या तापानं बॅटरी लवकर उतरते. मला स्वतःला यांत्रिक बटणांचं कुलूप आवडतं, ज्याला बॅटरी लागत नाही, अंधारात बोटांनी चाचपून उघडता येतं. इलेक्ट्रॉनिक घेतलंच तर बॅटरी ठरावीक महिन्यांनी बदला, संपायची वाट बघू नका, आणि सोबत आलेली जास्तीची किल्ली गाडीत कुठंही ठेवू नका. ती किल्ली सन व्हायजरला खोचून ठेवणारे लोक आहेत, खरंच आहेत. कंपनीनं दिलेला कोड पहिल्याच दिवशी बदला. जन्मसाल नको, गाडीचा नंबर तर नकोच नको.

गाडी लावल्यावर पिस्तूल कमरेवरून काढून पेटीत ठेवतो. ते भरलेलंच ठेवावं की रिकामं? दरवेळी रिकामं करणं जिवावर येतं.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली तुम्ही विचारलेलीच नाही. तुम्ही गाडी लावल्यावर पार्किंगमध्ये हे करताय. पार्किंगमध्ये चोरीसाठी टपून बसलेल्या माणसाला फक्त बघत राहायचं असतं. एक माणूस गाडी लावतो, इंजिन बंद झाल्यावर दोन मिनिटं खाली वाकून काहीतरी करतो, मग कमरेवरचा शर्ट सारखा करत उतरतो, यात न कळण्यासारखं काय आहे? पेटीत ठेवायचं काम आधीच करा, घरून निघतानाच, बंदी असलेल्या ठिकाणी जायचंच आहे हे माहीत असेल तर ते मुळात अंगावर घेऊच नका. गाडी थांबली की उतरायचं, दार ओढून बघायचं, निघायचं. डिकीचंही तेच, पोचल्यावर डिकी उघडून सामान आत हलवणं म्हणजे आत काही आहे हे सगळ्यांना दाखवणं.

आता तुमचा प्रश्न. मी रिकामं ठेवा म्हणेन. उभ्या गाडीत तुम्ही नसताना भरलेल्या पिस्तुलाचा तुम्हाला काहीच उपयोग नाही, उपयोग झालाच तर चोराला. पण रिकामं करायचं काम गाडीच्या सीटवर, स्टिअरिंगखाली, मांडीवर ठेवून करायचं नाही. तिथं नळी कुठंतरी स्वतःच्या पायाकडे किंवा शेजारच्या सीटकडेच जाते, दुसरी दिशाच उरत नाही. हेही घरीच करायचं, जिथं नळी सुरक्षित दिशेला ठेवता येते.

आणि क्रम चुकवू नका, कारण चुकीनं सुटलेल्या कितीतरी गोळ्या याच क्रमातल्या गडबडीनं सुटतात. बोट ट्रिगरपासून लांब, ट्रिगर गार्डच्या बाहेर. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढून बाजूला ठेवायचं. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं ओढायची, चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीतली, गोळी बाहेर पडेल. मग स्लाइड मागंच अडकवून ठेवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक आत घालून चाचपून बघायचं, अंधारात तर नक्कीच. आता हेच उलटं केलं तर काय होतं बघा, आधी स्लाइड ओढली, गोळी बाहेर पडली, माणसाला वाटलं झालं रिकामं, पण स्लाइड पुढं जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये घेऊन गेली, मग मॅगझिन काढलं, आणि हातात उरलं ते भरलेलं पिस्तूल ज्याला तो रिकामं समजतोय.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. रोज तीच गोळी चेंबरमधून काढायची आणि परत तीच भरायची असं करत राहिलं की दरवेळी गोळीचं टोक पुढं आपटतं आणि ते काडतुसाच्या नळकांड्यात हळूहळू आत दाबलं जातं, त्यानं झाडताना आतला दाब वाढतो, कधी कधी धोक्याइतका. बाहेर काढलेली गोळी नव्या गोळीशेजारी उभी करून बघा, लांबी कमी दिसली तर ती वापरायची नाही.

ज्यांना कामामुळं भरलेलंच न्यावं लागतं त्यांनी पिस्तूल ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्येच ठेवावं आणि होल्स्टरसकटच काढून पेटीत ठेवावं, घालतानाही होल्स्टरसकट. पेटीत सुटं पिस्तूल टाकलं की काढताना बोट, किल्ल्यांचा जुडगा, शर्टाची दोरी, काहीही ट्रिगरला लागू शकतं. आणि भरलेल्या बंदुकीला ट्रिगर लॉक, म्हणजे ट्रिगरवर बसवायचं कुलूप, कधीच लावू नका, लावताना त्याचाच धक्का ट्रिगरला बसतो. केबल लॉकचं बरं आहे, ती उघड्या बंदुकीच्या आतून ओवावी लागते, म्हणजे लावायच्या आधी बंदूक उघडून रिकामी करावी लागते.

माझे मिस्टर गाडी चालवताना पिस्तूल सीटखाली ठेवतात, उतरताना तिथंच विसरतात. आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मी सांगितलं तर म्हणतात त्याच्यात ट्रिगर दाबायची ताकद नाही.

ताई, ताकद असते. लहान मूल मोठ्या माणसासारखं बोटानं ट्रिगर ओढत नाही, त्याचा हात लहान, बोट पोचत नाही, म्हणून ते बंदूक उलटी धरतं, नळी स्वतःच्या तोंडाकडे, आणि दोन्ही अंगठ्यांनी ढकलतं. दोन अंगठ्यांची ताकद बऱ्याच पिस्तुलांच्या ट्रिगरला पुरते. मिस्टरांना हे वाचायला द्या.

आणि सीटखाली म्हणजे कुठं, तर गाडी चालताना ब्रेक लागला की पुढं, चढ लागला की मागं. 2016 साली अमेरिकेत मिलवॉकीला हायवेवर चालत्या गाडीत असंच झालं, पुढच्या सीटखालचं पिस्तूल सरकत मागं गेलं, मागं बसलेल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती लागलं, गोळी सीटच्या पाठीतून गेली आणि गाडी चालवणारी त्याची आई गेली. पुढं सरकलं तर ते ब्रेकच्या पॅडलखाली अडकतं, तो आणखी वेगळा धोका.

म्हणून यात तडजोड नको. पिस्तूल एकतर अंगावर होल्स्टरमध्ये, नाहीतर कुलूपबंद पेटीत, गाडीत तिसरी जागाच नाही. सीटच्या मागचा खिसा नाही, दाराचा खिसा नाही, पर्स नाही, डायपरची बॅग नाही. विसरतात म्हणताय तर त्यावरही उपाय पेटीच आहे, पेटीची किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात नको, वेगळी, त्यांच्या स्वतःच्या खिशात राहू दे. आणि मुलाला गाडीत एकटं, खेळायला म्हणूनही, सोडू नका, बंदूक असो वा नसो.

उन्हात गाडी तापते, गोळ्या फुटतील का?

फुटणार नाहीत. काडतुसातली दारू पेटायला दीडशे डिग्री सेल्सिअसच्याही वर ताप लागतो, बंद गाडी तेवढी तापत नाही. पण तापते मात्र भरपूर, बाहेरच्यापेक्षा आतलं तापमान तासाभरात वीसेक डिग्रीनं वाढतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, काच जराशी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. असा ताप महिनोनमहिने मिळाला की दारू खराब होते, गोळीचा भरवसा जातो. रेड डॉट साइट, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी दुर्बीण, असेल तर तिच्या बॅटरीला हे सोसत नाही, आणि बंदुकीचं तेल पातळ होऊन ओघळून जातं. थंडीत उलटं, गार लोखंड उबदार घरात आणलं की त्यावर पाणी धरतं आणि गंज चढतो, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, घरी आणल्यावर पुसून घ्या. गाडीत राहिलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं तशाच ठेवू नका, रेंजवर झाडून संपवा आणि नव्या घ्या.

सर्व्हिसिंगला गाडी देताना पेटी कुलूपबंद असेल तर बंदूक आत राहिली तर चालेल?

नाही. गाडीची किल्ली जेव्हा दुसऱ्याच्या हातात जाते, गॅरेज असो, पार्किंगवाला असो, धुवायला दिलेली असो, तेव्हा बंदूक गाडीत नसली पाहिजे, पेटी कितीही चांगली असो. सीट काढायला लागली की पेटीही निघतेच. रात्रभर मुक्काम असेल तरी तेच, खोलीत घेऊन जा, खोलीतल्या पलंगाच्या किंवा पाइपच्या लोखंडाला पेटीची केबल लावा.

जाता जाता, गाडीच्या काचेवरचा बंदूक कंपनीचा किंवा शूटिंग क्लबचा स्टिकर काढून टाका. तुमचा अभिमान मला कळतो, पण गाडी उभी असताना तो स्टिकर चोराला पत्ता सांगतो. रेंजची छापील बॅगही काचेतून दिसेल अशी ठेवू नका.

माझा धाकटा भाऊ सध्या खूप खचलेला आहे, जगण्यात अर्थ नाही असं दोनदा बोलला. वडिलांची परवान्याची रिव्हॉल्व्हर घरात नको म्हणून मी ती गाडीत ठेवतोय. हे बरोबर आहे का?

तुम्ही तिला घरातून हलवलंत हे अगदी बरोबर केलंत, आणि वेळेवर केलंत. असं लोकांना सुचत नाही. पण गाडी ही जागा चुकीची आहे. गाडीच्या किल्ल्या घरातच खुंटीला असतात, भावाला माहीत आहेत, आणि रात्री अंगणापर्यंत जायला किती वेळ लागतो? अशा क्षणी माणूस जो मार्ग हाताशी आहे तोच धरतो, आणि बंदुकीनं केलेल्या प्रयत्नांत दहातले जवळपास नऊ जण वाचत नाहीत. दुसरीकडे, प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढं आत्महत्येनं मरत नाहीत. म्हणजे ती वेळ टळली, हाताशी साधन नसलं, तर माणूस खरोखर वाचतो.

रिव्हॉल्व्हर या घरापासूनच लांब न्या. परवानाधारक वडील आहेत, तर तेच पुढं होऊन पोलिसांकडे किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे तात्पुरती जमा करता येते का विचारतील, काही शूटिंग क्लबही ठेवून घेतात. तुम्ही स्वतः परवान्यावर नसाल तर तिला गाडीत घेऊन फिरणंही तुमच्यासाठी गुन्हा ठरू शकतो, म्हणून हे वडिलांनीच करायचं. जमा होईपर्यंतच्या एक-दोन दिवसांत गोळ्या दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात द्यायला हरकत नाही अशी सोय कायद्यात बसत असेल तर तशी करा, नाहीतर दोन्हींना वेगळी कुलपं आणि किल्ल्या वडिलांच्या अंगावर.

आणि भावाशी बोला, थेट विचारा, मरायचा विचार येतोय का म्हणून. विचारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात जात नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. मानसोपचार डॉक्टरची वेळ आजच घ्या आणि सोबत तुम्ही जा. आज रात्री त्याला एकटं ठेवू नका.

गाडी फोडून पिस्तूल गेलं. आता काय करू?

आधी पोलिसांना फोन, लगेच, मग बाकी सगळं. लाज वाटते, परवाना जाईल अशी भीती वाटते म्हणून लोक दोन-चार दिवस थांबतात, आणि त्या दिवसांत त्या पिस्तुलानं काही झालं तर पहिला प्रश्न तुम्हालाच येतो. गाडीला हात लावू नका, काचा झाडू नका, ठसे आणि रक्ताचे डाग तिथंच असतात. सिरीयल नंबर, मॉडेल, एखादी खूण असेल तर ती, हे सगळं तयार हवं, म्हणून ज्यांचं अजून काही गेलेलं नाही त्यांनी आजच पिस्तुलाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून नंबरासकट घरी ठेवावेत, गाडीत नव्हे. आजूबाजूच्या दुकानांना, सोसायटीला कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला लगेच सांगा, ते थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं.

आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, गाडीची कागदपत्रं गेली असतील तर त्यावर तुमच्या घरचा पत्ता आहे. घराची जास्तीची किल्ली किंवा गेटचा रिमोट गाडीत होता का आठवा, असेल तर घराचं कुलूप त्याच दिवशी बदला, कारण ज्याला गाडीत एक पिस्तूल सापडलं त्याला घरात आणखी काही असेल असं वाटणारच. परवाना देणाऱ्या ऑफिसला लेखी कळवा आणि पोच घ्या, विमा असेल तर तिथंही कळवा. नवी पेटी बसवाल तेव्हा जुना कोड परत वापरू नका.